स्मृतिप्रयोगाची आकडेवारी संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात स्मृतीचा प्रयोग घेणे तसे सोपे असते. अडचण येते ती नंतर, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर ठेवून संगणक सुरू केल्यावर. पुढील प्रश्न जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, तपासताना दरवर्षी या ना त्या रूपात समोर येतात. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे. त्यातील गुण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या वर्गाचे नाहीत.

उदाहरणासाठी घेतलेला प्रयोग कोणता?

फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये असे मांडले की शब्दावर जितक्या खोलवर प्रक्रिया होते, तितका तो चांगला लक्षात राहतो. १९७५ मध्ये क्रेक आणि एंडेल टल्व्हिंग यांनी त्यावर प्रयोगांची मालिकाच केली. त्यात शब्द दाखवण्यापूर्वी प्रश्न विचारला जाई: शब्द मोठ्या लिपीत आहे का, अमुक शब्दाशी त्याचे यमक जुळते का, दिलेल्या वाक्यात तो बसतो का. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी हा भेदच नसल्यामुळे पहिला प्रश्न मराठीत जसाच्या तसा विचारता येत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात वरवरच्या प्रक्रियेसाठी ‘या शब्दात काना आहे का?’ आणि खोल प्रक्रियेसाठी ‘ही वस्तू हातात धरता येईल का?’ असे दोन प्रश्न घेतले आहेत. शब्द ३२ आहेत. त्यांपैकी १६ शब्दांना पहिला आणि १६ शब्दांना दुसरा प्रश्न सरमिसळ क्रमाने विचारला, आणि शेवटी पूर्वसूचना न देता आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगितले. प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला त्या व्यक्ती, दहा होत्या.

प्रयुक्त १ ते १० यांचे खोल प्रक्रियेचे गुण ओळीने असे आहेत: ७, ८, ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १६. त्याच क्रमाने वरवरच्या प्रक्रियेचे गुण: ४, ५, ५, ३, ६, ४, ६, ५, ७, ५.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी जास्प किंवा जामोवी यांपैकी कोणतेही पुरेसे आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींत मेनूवर टिचकी मारून काम होते. जास्प अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झाले आणि त्याच्या नावात सांख्यिकीतज्ज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे नाव गुंफलेले आहे. जामोवी पडद्याआड आर या सांख्यिकीसाठीच्या संगणकभाषेवर चालते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एसपीएसएस असेल तर तेही चालेल, मात्र ते विकतचे असल्याने घरी काम पुरे करता येत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार रास्त आहे. एक्सेल तक्ता भरण्यासाठी उत्तम आहे. आलेखासाठी ते वापरायचे असेल तर त्यातल्या दोन-तीन खाचाखोचा ठाऊक असाव्या लागतात, त्या पुढे येतीलच.

तक्ता कसा भरावा?

सॉफ्टवेअरला प्रयोग कळत नाही, त्याला ओळी आणि स्तंभ कळतात. म्हणून पहिला अंक टंकण्यापूर्वी स्वतःला विचारावे: माझ्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? आपल्या उदाहरणात एक ओळ म्हणजे एक प्रयुक्त. त्या ओळीत तीन स्तंभ असतील: प्रयुक्ताचा क्रमांक, खोल प्रक्रियेचे गुण आणि वरवरच्या प्रक्रियेचे गुण. एकाच व्यक्तीने दोन्ही परिस्थितींत काम केलेले असल्यामुळे तिचे दोन्ही गुण शेजारी-शेजारी राहिले पाहिजेत. दोन याद्या वेगवेगळ्या चढत्या क्रमाने लावल्या की जोड्या मोडतात आणि मग जोडीजोडीने होणारे कोणतेही गणित निरर्थक ठरते. चूक पडद्यावर दिसत नाही, उत्तर तर व्यवस्थित येते, त्यामुळे ही चूक पकडणे फार कठीण जाते.

प्रत्येक शब्दाची नोंद ठेवायची असेल तर आठवलेल्या शब्दाला १ आणि न आठवलेल्या शब्दाला ० लिहावा. पुष्कळ जण फक्त १ लिहितात आणि विसरलेल्या शब्दाचे घर रिकामे ठेवतात. सॉफ्टवेअर रिकामे घर सरासरीतून वगळते, त्यामुळे प्रत्येक शब्दाची सरासरी बरोबर १ येते आणि सर्वांना सर्व काही आठवले असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. रिकामे घर खऱ्या अर्थाने गहाळ नोंदीसाठी राखून ठेवावे, उदाहरणार्थ प्रयुक्ताला तो शब्द दाखवायचाच राहिला असेल तर.

प्रयुक्ताचा क्रमांक हा अंकांत लिहिलेला असला तरी ती संख्या नव्हे, ते नाव आहे. जास्प आणि जामोवीमध्ये स्तंभाच्या शीर्षकाजवळच्या चिन्हावर टिचकी मारून त्याचा प्रकार बदलता येतो. तो बदलला नाही तर सारांशात हजेरी क्रमांकाची सरासरीही मोठ्या दिमाखात छापून येते.

देवनागरीत भरलेली माहिती सॉफ्टवेअर वाचू शकते का?

स्तंभांची शीर्षके आणि शब्द देवनागरीत असले तरी चालते. एक्सेलमधून फाइल जतन करताना मात्र साधा सीएसव्ही हा प्रकार न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा, अन्यथा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते आणि मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर सगळे पुन्हा टंकावे लागते. गुण मात्र इंग्रजी कळफलकावरच्या अंकांतच भरावेत. आर भाषा देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, मजकूर समजते.

याद्या समतोल करण्यासाठी शब्दांची लांबी मोजताना आणखी एक गंमत घडते. एक्सेलचे लेन हे सूत्र ‘मंदिर’ या शब्दाची लांबी ५ सांगते, कारण अनुस्वार आणि वेलांटी ही त्याच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे आहेत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे तीनच. ही मोजणी हातानेच करावी.

यादीत ‘पाऊस’ होता आणि प्रयुक्ताने ‘पावसाळा’ लिहिले, तर गुण द्यावा का?

हे सॉफ्टवेअर ठरवणार नाही, आपण ठरवायचे, आणि उत्तरपत्रिका पाहण्यापूर्वी ठरवायचे. माझा नियम असा आहे: ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ, एकवचन-अनेकवचन माफ, पण निराळा शब्द असेल तर गुण नाही. म्हणून ‘पाउस’ला गुण मिळेल, ‘पावसाळा’ला मिळणार नाही. कोणी अधिक उदार नियम केला तरी हरकत नाही. तो सर्व प्रयुक्तांना सारखा लावलेला असावा आणि जर्नलमध्ये लिहिलेला असावा. यादीत नसलेले शब्द वेगळ्या स्तंभात मोजून ठेवावेत, कारण ज्याने अंदाजाने चाळीस शब्द लिहिले त्याचे बारा बरोबर शब्द आणि ज्याने बाराच लिहून बाराही बरोबर आणले त्याचे बारा शब्द यांत फरक आहे.

सारांशात कोणत्या संख्या द्याव्यात? एक्सेल आणि जास्प यांची उत्तरे जुळत का नाहीत?

मध्यमान (सरासरी), मध्यांक (चढत्या क्रमातला मधला गुण), प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप), किमान, कमाल आणि प्रयुक्तांची संख्या एवढे पुरते. जास्पमध्ये आणि जामोवीमध्ये ‘डिस्क्रिप्टिव्ह्ज’ या विभागात दोन्ही गुणांचे स्तंभ उचलून टाकले की हा तक्ता लगेच मिळतो. आपल्या उदाहरणात खोल प्रक्रियेचे मध्यमान १०, मध्यांक ९.५ आणि प्रमाण विचलन २.५८ आहे. वरवरच्या प्रक्रियेचे मध्यमान ५, मध्यांक ५ आणि प्रमाण विचलन १.१५ आहे. बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेला गुण, देण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो, पण दहा प्रयुक्तांच्या आकडेवारीत तो काहीच सांगत नाही. खोल प्रक्रियेच्या गुणांत ८, ९ आणि १० हे तिन्ही दोन-दोनदा आले आहेत, त्यांतला बहुलक कोणता म्हणायचा?

उत्तरे जुळत नाहीत त्याचे कारण बहुधा प्रमाण विचलनाच्या सूत्रात असते. एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही डॉट एस’ आणि ‘एसटीडीईव्ही डॉट पी’ अशी दोन सूत्रे आहेत. पहिले सूत्र मध्यमानापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ९ ने, म्हणजे प्रयुक्तांच्या संख्येतून एक वजा करून, भागते आणि २.५८ देते. दुसरे सरळ १० ने भागते आणि २.४५ देते. आपले दहा प्रयुक्त हा मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असल्यामुळे पहिले सूत्र योग्य आहे, आणि जास्प, जामोवी व एसपीएसएस हेच सूत्र वापरतात.

चौकटीच्या आलेखात १६ गुणांचा ठिपका वेगळा पडला आहे. याचा अर्थ काय?

याचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होते ते येथे स्वच्छ दिसते. चौकटीचा आलेख जॉन टुकी यांनी रूढ केला. चौकटीची खालची कड म्हणजे पहिला चतुर्थक (ज्याच्या खाली एक चतुर्थांश नोंदी येतात), वरची कड म्हणजे तिसरा चतुर्थक (ज्याच्या खाली तीन चतुर्थांश नोंदी येतात) आणि मधली रेघ म्हणजे मध्यांक. चौकटीच्या उंचीच्या दीडपट अंतरापलीकडे जो गुण जातो, तो ठिपक्याने वेगळा दाखवण्याची रीत आहे.

आता आपले दहा गुण घ्या. आर भाषेचे मूळ सूत्र आणि एक्सेलचे ‘क्वार्टाइल डॉट आयएनसी’ पहिला चतुर्थक ८.२५ आणि तिसरा १०.७५ देतात. चौकटीची उंची २.५ झाली, तिची दीडपट ३.७५, म्हणून वरची सीमा १४.५. सोळा गुण सीमेबाहेर. एक्सेलचेच ‘क्वार्टाइल डॉट ईएक्ससी’ मात्र ८ आणि ११.२५ देते. उंची ३.२५, दीडपट ४.८७५ आणि सीमा १६.१२५. सोळा गुण सीमेच्या आत! टुकी यांच्या पद्धतीने गुणांचे दोन निम्मे भाग करून त्यांचे मध्यांक काढले तर ८ आणि ११ मिळतात, सीमा १५.५ होते आणि सोळा पुन्हा बाहेर. एसपीएसएसच्या ‘एक्सप्लोर’ या तक्त्यात तर दोन वेगळ्या पद्धतींचे चतुर्थक खाली-वर छापलेले असतात. आर भाषेत चतुर्थक काढण्याचे नऊ प्रकार उपलब्ध आहेत.

तेव्हा तो ठिपका हा निकाल नव्हे. ‘या उत्तरपत्रिकेकडे एकदा पाहा’ इतकाच त्याचा अर्थ.

मग प्रयुक्त क्रमांक १० वगळावा का?

केवळ गुण जास्त आहेत म्हणून वगळू नये. आधी उत्तरपत्रिका आणि अंतर्निरीक्षणाचा वृत्तांत, म्हणजे प्रयुक्ताने स्वतःच्या अनुभवाविषयी सांगितलेले, वाचावा. प्रयुक्ताने शेजाऱ्याची यादी पाहिली असेल, किंवा मागच्या तुकडीकडून त्याला शब्द कळले असतील, तर वगळण्याला कारण आहे. त्याने शब्दांची गोष्ट गुंफून ते लक्षात ठेवले असतील, तर ती त्याची स्मृती आहे आणि आपण तीच मोजत होतो. शिवाय १६ पैकी १६ म्हणजे मोजपट्टी संपली. शब्द वीस असते तर त्याला कदाचित आणखी आठवले असते. वरची मर्यादा अशी आड आली की खरा फरक दडपला जातो, आणि पुढच्या वेळी यादी लांब करणे हाच त्यावरचा इलाज असतो.

वगळल्याने काय होते ते करून पाहण्यासारखे आहे. दहाही प्रयुक्त घेतले तर दोन परिस्थितींतला सरासरी फरक ५ शब्दांचा आहे आणि जोड्यांच्या टी चाचणीचे (सरासरी फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे ते सांगणारे) मूल्य ६.३४ येते. क्रमांक १० काढला की सरासरी फरक ४.३३ पर्यंत घटतो, पण टी मूल्य वाढून ९.१९ होते! फरकांचे प्रमाण विचलन २.४९ वरून १.४१ वर उतरते, म्हणून असे घडते. ‘पुरावा’ बळकट दिसावा या मोहाने प्रयुक्त वगळणे किती सोपे आहे, हे यावरून ध्यानात यावे. वगळलेच तर दोन्ही उत्तरे लिहावीत आणि कारण द्यावे.

स्तंभालेख काढला तर चालेल का?

चालेल, आणि परीक्षकाला तोच अपेक्षित असण्याची शक्यता आहे. पण दोन स्तंभ, एक १० उंचीचा आणि एक ५ उंचीचा, याखेरीज त्यात काही नसते. दहा माणसांची मेहनत दोन आयतांत संपते. त्यापेक्षा प्रत्येक प्रयुक्ताचे दोन ठिपके काढून ते रेषेने जोडावेत. आपल्या उदाहरणात दहाही रेषा वरवरच्या प्रक्रियेकडून खोल प्रक्रियेकडे जाताना चढतात. सर्वांत कमी चढ तीन शब्दांचा आहे आणि क्रमांक १० ची रेषा अकरा शब्द उभी चढलेली दिसते. कोणतीही चाचणी न करता वाचणाऱ्याला कळते की परिणाम एका-दोघांपुरता नाही, सगळ्यांचा आहे. जामोवीच्या ‘डिस्क्रिप्टिव्ह्ज’मध्ये चौकटीसोबत ठिपके दाखवण्याची सोय आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रयुक्ताची एक मालिका धरून साधा रेषालेख काढला की जोडलेल्या रेषा मिळतात.

स्तंभालेखच काढायचा असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. स्तंभात डोळा उंची वाचतो. अक्ष ४ पासून सुरू केला तर ५ चा स्तंभ एक घर आणि १० चा स्तंभ सहा घरे उंच दिसतो, म्हणजे दुपटीचा फरक सहापट भासतो.

स्तंभांवरच्या उभ्या रेघा, म्हणजे एरर बार्स, कशाच्या असाव्यात?

त्या तीन गोष्टींच्या असू शकतात आणि तिन्हींची लांबी वेगळी असते. खोल प्रक्रियेसाठी प्रमाण विचलन २.५८ आहे आणि ते प्रयुक्तांमधला विखुरलेपणा सांगते. प्रमाण त्रुटी ०.८२ आहे आणि मध्यमानाचा अंदाज कितपत डळमळीत आहे ते ती सांगते. ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरे मध्यमान ज्या पट्ट्यात असावे असा अंदाज आहे तो पट्टा, ८.१५ ते ११.८५ असे आहे. आलेखाखाली यांतले काय काढले आहे ते लिहिले नसेल तर रेघा असून नसल्यासारख्या होत. प्रमाण त्रुटीच्या रेघा सर्वांत आखूड दिसतात म्हणून त्या आवडीने निवडल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

एक्सेलमध्ये येथे मोठा सापळा आहे. मध्यमानांचा आलेख काढून ‘एरर बार्स’मध्ये ‘स्टँडर्ड एरर’ निवडले, तर एक्सेल त्रुटी मूळ गुणांवरून काढत नाही, कारण आलेखाला मूळ गुण ठाऊकच नसतात. आलेखात मांडलेल्या मध्यमानांवरूनच ते काहीतरी मोजते आणि सर्व स्तंभांवर सारख्याच लांबीची रेघ काढते. सर्व रेघा तंतोतंत सारख्या दिसल्या की हेच झाले असे समजावे. त्रुटी स्वतः काढून ‘कस्टम’ या पर्यायातून द्यावी.

तेच प्रयुक्त दोन्ही परिस्थितींत असतील तर दोन मध्यमानांच्या वेगवेगळ्या रेघांवरून फरकाचा निर्णय होत नाही. जेफ्री लॉफ्टस आणि मायकेल मॅसन यांनी १९९४ मध्ये या अडचणीकडे लक्ष वेधले. सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाच्या गुणांतला फरक काढून त्या फरकाचे विश्वास अंतराल द्यावे: ५ शब्द, ३.२२ ते ६.७८.

यादीतल्या स्थानानुसार आठवण दाखवणारा वक्र माझ्याकडे वेडावाकडा येतो. चूक कुठे आहे?

बहुधा चूक नाही, प्रयुक्त कमी आहेत. बेनेट मर्डॉक यांनी १९६२ मध्ये १० ते ४० शब्दांच्या याद्या वापरून सुरुवातीला आणि शेवटी उंच, मध्ये खाली असा जो सुबक वक्र मिळवला, त्यामागे असंख्य याद्यांची प्रत्यावाहने, म्हणजे आठवून लिहिणे, होती. दहा प्रयुक्तांना एकेकच यादी ऐकवली तर प्रत्येक स्थानाचे प्रमाण ०.१ च्या पायऱ्यांनीच बदलू शकते. एकाला एक शब्द आठवला नाही की ठिपका एक पायरी खाली येतो. पंधरा शब्दांची यादी असेल तर पहिली तीन, मधली नऊ आणि शेवटची तीन स्थाने एकत्र करून तीन प्रमाणे मांडावीत, चित्र लगेच स्वच्छ होते.

दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. आडव्या अक्षावर शब्द ऐकवण्याचा क्रम हवा, लिहिण्याचा नव्हे. पुष्कळ प्रयुक्त शेवटचे शब्द सर्वांत आधी लिहितात, त्यामुळे ही गल्लत झाली की वक्रच उलटतो. दुसरे असे की सर्वांना शब्द एकाच क्रमाने दिले असतील तर पहिल्या स्थानाचा फायदा आणि ‘आई’सारख्या सोप्या शब्दाचा फायदा वेगळे करता येत नाहीत.

यादी आणि प्रत्यावाहन यांच्या मध्ये प्रयुक्ताला ३० सेकंद अंक मोजायला लावले असतील, तर शेवटच्या शब्दांचा उंचवटा दिसणार नाही. मरे ग्लँझर आणि अनिता क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये हेच दाखवले.

एबिंगहाउस यांच्यासारखा विस्मरणाचा वक्र एक्सेलमध्ये का जमत नाही?

कारण रेषालेख आडव्या अक्षावरच्या नोंदी समान अंतरावर मांडतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेली कालांतरे सुमारे २० मिनिटे, १ तास, ९ तास, १ दिवस, २ दिवस, ६ दिवस आणि ३१ दिवस अशी होती. रेषालेखात वीस मिनिटांपासून तासापर्यंतचे अंतर आणि सहाव्या दिवसापासून एकतिसाव्यापर्यंतचे अंतर सारखेच दिसेल. सर्व काळ तासांत लिहून ‘स्कॅटर’ प्रकारचा आलेख निवडावा. सुरुवातीचे ठिपके एकावर एक चढत असतील तर अक्षाच्या मांडणीत लॉगरिदमिक, म्हणजे दर पायरीला ठरावीक पटीने वाढणारी, मोजपट्टी घ्यावी.

उभ्या अक्षाचे नावही जपून लिहावे. त्यांचे ५८, ४४, ३६, ३४, २८, २५ आणि २१ हे आकडे, त्यांनी पाठ केलेल्या निरर्थक अक्षरगटांपैकी किती आठवले, याची टक्केवारी नव्हेत. तीच यादी पुन्हा पाठ करताना मूळ श्रमांच्या तुलनेत किती टक्के श्रम वाचले, ते हे आकडे सांगतात. प्रयुक्तही एकच होता, ते स्वतः. ‘वीस मिनिटांत माणूस ४२ टक्के विसरतो’ हे वाक्य जर्नलांत सर्रास आढळते आणि ते प्रत्येक वेळी लाल शाईने खोडावे लागते.

निष्पत्ती कशी लिहावी?

सॉफ्टवेअरचा संपूर्ण तक्ता छापून चिकटवू नये, आणि दशांशाचे दोन अंक पुरेत. टी नंतरच्या कंसातला आकडा म्हणजे प्रयुक्तांच्या संख्येतून एक वजा, आणि पी म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक येण्याची शक्यता. आपल्या उदाहरणाची निष्पत्ती अशी लिहिता येईल: ‘खोल प्रक्रिया केलेल्या १६ शब्दांपैकी सरासरी १०.०० (प्रमाण विचलन २.५८) आणि वरवरची प्रक्रिया केलेल्या १६ शब्दांपैकी सरासरी ५.०० (प्रमाण विचलन १.१५) शब्द आठवले. सरासरी फरक ५.०० शब्दांचा असून त्याचे ९५ टक्के विश्वास अंतराल ३.२२ ते ६.७८ आहे; टी (९) = ६.३४, पी < ०.००१. दहाही प्रयुक्तांमध्ये फरकाची दिशा एकच होती. एका प्रयुक्ताने खोल प्रक्रियेत पूर्ण गुण मिळवले. त्याला वगळले असता फरक ४.३३ शब्दांचा राहतो.’

आलेखाखाली: ‘प्रत्येक रेषा एका प्रयुक्ताची. उभ्या अक्षावर १६ पैकी आठवलेले शब्द.’